पन्नास अक्षरांत मावणारा अर्थ

कोश म्हटला की आपल्यासमोर मोल्सवर्थ येतो, दाते-कर्वे येतात, फार तर शासकीय परिभाषाकोशांची मालिका येते. या यादीत न बसणारा आणखी एक कोशप्रकार गेली चार-पाच दशके जगभर लिहिला जातो आहे. तो ग्रंथालयात मिळत नाही, त्याला प्रस्तावना नसते, संपादक मंडळ नसते आणि त्याचे परीक्षण कोणत्याही नियतकालिकात येत नाही. तरीही गोदामातला माल कोणाला सोडायचा, कोणाची उधारी थांबवायची, कोणाच्या विम्याचा हप्ता थकला असे मानायचे, हे त्या कोशातल्या एखाद्या नोंदीवर ठरते. संगणकाच्या व्यवहारात त्याला 'डेटा डिक्शनरी' म्हणतात. या कोशाविषयी भाषेच्या अभ्यासकांनी बोलले पाहिजे असे मला वाटते. किंबहुना आपण आजवर बोललो नाही, म्हणूनच एक अस्सल भाषिक काम तांत्रिक कारकुनी समजले गेले, अशी माझी तक्रार आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एकाच कुळातले संगणक उदाहरणादाखल घेतो. संगणकाच्या जगात एका टोकाला मोठ्या बँकांचे, सरकारी खात्यांचे अवाढव्य 'मेनफ्रेम' आणि दुसऱ्या टोकाला आपल्या टेबलावरचा संगणक. यांच्या मधल्या फळीतल्या यंत्रांना 'मिडरेंज' म्हणत आले आहेत. कारखाने, घाऊक व्यापारी, विमा कंपन्या, मध्यम आकाराच्या बँका यांचे रोजचे हिशेब या यंत्रांवर चालतात. आयबीएम कंपनीच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील केंद्राने १९६९ मध्ये सिस्टिम/३, १९७८ मध्ये सिस्टिम/३८ आणि २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हे संगणक जाहीर केले. एएस/४००चे नाव पुढे अनेकदा बदलले. २००८ पासून त्याच्या कार्यप्रणालीला 'आयबीएम आय' म्हणतात. मात्र त्यावर काम करणारी मंडळी आजही सर्रास 'एएस फोर हंड्रेड' असेच म्हणतात. (रूढ नाव अधिकृत नावाला कसे पुरून उरते याचा हा नमुनाच; या मुद्द्याकडे पुढे यायचेच आहे.) पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत परदेशी ग्राहकांच्या अशा जुन्या प्रणालींची देखभाल करणारे बरेच मराठी तरुण आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्याशी बोलण्याचा योग आला, त्या प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते: प्रोग्रॅम कळतो हो, पण या फील्डचा अर्थ काय ते कोणालाच सांगता येत नाही. अर्थ कोणालाच सांगता येत नाही, हे वाक्य ऐकून ज्याचे कान टवकारत नाहीत तो भाषेचा अध्यापक कसला?

'फील्ड' म्हणजे आपल्या खतावणीतला रकाना. ग्राहकाचे नाव, गाव, येणे बाकी, पतमर्यादा हे एकेक फील्ड. त्याची व्याख्या म्हणजे त्याचे नाव, त्याची लांबी, त्यात अक्षरे येणार की अंक, अंक असल्यास दशांशस्थळे किती, आणि अर्थातच त्यात जे येणार त्याचा अर्थ काय. सिस्टिम/३ आणि त्याच्या वळणाने गेलेल्या सिस्टिम/३६ या यंत्रांवर सामान्यतः ही व्याख्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात असे. फाइल म्हणजे नुसती अक्षरांची अखंड माळ. अमुक स्थानापासून अमुक स्थानापर्यंत नाव, तिथून पुढे बाकी, ही आखणी ज्याने त्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये करायची. कोऱ्या, रेघा नसलेल्या वहीत एका कारकुनाने आकडे भरावेत आणि वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापली जाळीदार पट्टी तिच्यावर ठेवून वाचावे, तसला हा प्रकार. एकाची पट्टी एका घराने सरकली की नावातले एक अक्षर बाकीत जमा होई.

सिस्टिम/३८ने ही आखणी प्रोग्रॅममधून काढून फाइलमध्ये नेली. वहीबरोबरच तिच्या रेघा आणि मथळे आले. हा बदल तांत्रिक म्हणून सांगितला जातो, पण मला तो भाषिक वाटतो. अर्थ हा वाचणाऱ्याच्या मर्जीवर न राहता मजकुराबरोबर प्रवास करील, अशी ती प्रतिज्ञा होती. 'डीडीएस' या नावाच्या तक्त्यात, ऐंशी स्तंभांच्या जुन्या पंचकार्डाची आठवण जपत, एकेका ओळीत एकेक फील्ड लिहायचे. पुढे त्याची लांबी, प्रकार आणि मग काही ठरावीक शब्दांनी सांगितलेले गुणधर्म. त्यांपैकी दोन आपल्या कामाचे आहेत. एक 'कॉलहेडिंग', म्हणजे छापील अहवालात रकान्यावर येणारा मथळा: जास्तीत जास्त तीन ओळी, प्रत्येकी वीस अक्षरे. दुसरा 'टेक्स्ट', म्हणजे त्या फील्डचे वर्णन: जास्तीत जास्त पन्नास अक्षरे. या पन्नास अक्षरांच्या जागेविषयी हा लेख आहे.

या पद्धतीतून एक फार देखणी कल्पना निघाली, 'फील्ड रेफरन्स फाइल' नावाची. ही अशी फाइल की जिच्यात माहितीची एकही नोंद कधीच ठेवायची नसते. तिच्यात फक्त व्याख्या. 'ग्राहक क्रमांक' म्हणजे काय हे तिथे एकदाच लिहायचे. मग विक्रीच्या, वसुलीच्या, परत आलेल्या मालाच्या फाइली तयार करताना तिथे पुन्हा लांबी-रुंदी न लिहिता तक्त्याच्या एकोणतिसाव्या स्तंभात 'आर' हे अक्षर टाकायचे. म्हणजे 'याची व्याख्या तिकडून घ्यावी'. व्याकरण शिकलेल्या वाचकाला इथे अनुवृत्ती आठवेल. पाणिनी एका सूत्रात आलेले पद पुढच्या सूत्रांत पुन्हा उच्चारत नाही, ते वरून वाहत येते. एकदाच सांगावे आणि सर्वत्र लागू व्हावे, ही शास्त्रकाराची जुनीच हौस.

पण इथेच फरकही आहे. पाणिनीची अनुवृत्ती प्रत्येक वाचनाच्या वेळी चालू असते. संदर्भफाइलीतली व्याख्या मात्र नवी फाइल तयार होते त्या क्षणी तिच्यात उतरवली जाते. नंतर मूळ व्याख्या बदलली तरी आधी तयार झालेल्या फाइली जशाच्या तशा राहतात. त्या पुन्हा घडवल्याशिवाय त्यांना बदलाची वार्ता लागत नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षांत असे होते की कोशात एक अर्थ असतो, जुन्या फाइलींत दुसरा, आणि 'आम्ही संदर्भफाइल वापरतो' हे समाधान मात्र सगळ्यांना असते. मूळ पोथी दुरुस्त केली म्हणून तिच्या आधीच झालेल्या नकला दुरुस्त होत नाहीत, हे पाठचिकित्सेचा एक पेपर दिलेला विद्यार्थीही सांगेल. संगणकाच्या व्यवस्थापकाला ते अनुभवाने, आणि बहुधा महागात, शिकावे लागते.

आता नावांकडे वळू. या यंत्रांवरची हिशेबाची मुख्य भाषा आरपीजी. तिच्या 'आरपीजी-थ्री' या अवतारात फील्डचे नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचे असू शके. डीडीएस दहा अक्षरे देत होते, पण प्रोग्रॅमला सहाच पचत असल्याने लोक सहाच वापरीत. १९९४ साली आलेल्या 'आरपीजी-फोर'ने हे बंधन सैल केले. आज एसक्यूएलमधून १२८ अक्षरांपर्यंतचे नाव रकान्याला देता येते. पण तोवर लक्षावधी ओळी लिहून झाल्या होत्या आणि त्या अजून चालतात. त्या सहांतही दोन अक्षरे फाइलची ओळख म्हणून आधीच खर्च होत, कारण एकाच प्रोग्रॅममध्ये दोन फाइलींत एकाच नावाचे फील्ड आले तर एकाची किंमत दुसऱ्यावर चढत असे. उरली चार अक्षरे. जगातला यच्चयावत व्यापारी आशय चार रोमन अक्षरांत बसवायचा!

या आखूड नावांना हसण्याचे मात्र कारण नाही. पाणिनीच्या 'टि', 'घु', 'भ' या संज्ञा याहूनही आखूड आहेत आणि ऐकणाऱ्याला त्यांतून काहीच बोध होत नाही. तरी अडीच हजार वर्षांत त्यांचा अर्थ हरवला नाही. 'टि' म्हणजे शब्दातल्या शेवटच्या स्वरापासून पुढचा भाग, हे सूत्रातच सांगून ठेवलेले आहे आणि ते सूत्र पाठ करणारी परंपरा त्याच्यामागे उभी आहे. नाव दुर्बोध असणे हा दोष नव्हे. व्याख्या नसणे हा दोष आहे. नाव कळण्याजोगे असले तर उलट धोका वाढतो, कारण वाचणारा व्याख्या पाहायला जातच नाही.

याचे एक चांगले उदाहरण जे. डी. एडवर्ड्स या प्रणालीत सापडते. १९७७ साली डेन्व्हर येथे स्थापन झालेल्या या कंपनीने मिडरेंज यंत्रांवरची हिशेबप्रणाली डेटा डिक्शनरीला केंद्रस्थानी ठेवून रचली (कंपनी पुढे पीपलसॉफ्टकडे आणि २००५ मध्ये ओरॅकलकडे गेली). तिच्यात प्रत्येक माहिती-घटकाला एक छोटे सांकेतिक नाव असते आणि फाइलीत ते दोन अक्षरांच्या उपसर्गासह येते. 'एएन८' हा असा एक घटक. इंग्रजीत त्याचे वर्णन 'अ‍ॅड्रेस नंबर', अक्षरशः 'पत्ता क्रमांक'. पण हा पत्त्याचा क्रमांक नव्हेच! ज्याच्याशी व्यवहार होतो त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा तो क्रमांक आहे. ग्राहक असो, पुरवठादार असो की कर्मचारी, सगळे एकाच 'पत्तावहीत' नोंदलेले, म्हणून हे नाव. नवखा माणूस नावावर विश्वासून 'पत्ता बदलला की क्रमांक बदलेल' असे समजला तर चूक नावाची म्हणायची की त्याची? या प्रणालीची खुबी अशी की पडद्यावरच्या रकान्यात उभे राहून मदतीची कळ दाबली तर त्या घटकाचा कोशातला खुलासा समोर येतो. म्हणजे हा कोश कपाटात नाही, वापरणाऱ्याच्या हाताशी आहे. ज्याने तो खुलासा लिहिला तो एका अर्थी रोज शेकडो माणसांना शिकवतो आहे.

कोशाची सत्ता किती मोठी असू शकते हेही याच प्रणालीत दिसते. तिच्यात रक्कम दशांशचिन्हाशिवाय, सलग अंकांत साठवलेली असते आणि चिन्ह कुठे द्यायचे ते डेटा डिक्शनरी सांगते. १२३४५६७ हे अंक दोन दशांशस्थळे मानली तर १२,३४५.६७ होतात, कोशातली नोंद बदलून तीन केली तर तेच अंक १,२३४.५६७ म्हणून वाचले जातात. साठवलेल्या माहितीतले एक अक्षरही हललेले नसते. फक्त व्याख्या हलली आणि रक्कम एक-दशांश झाली. म्हणूनच व्यवहार सुरू झाल्यावर ही नोंद बदलू नये, असा दंडक आहे. व्याख्येने वस्तू बदलते, हे आपण सैद्धांतिक चर्चेत मोठ्या आवाजात म्हणतो. इथे ते हिशेबाच्या वहीत प्रत्यक्ष घडते.

मग यंत्राकडे काही पहारा आहे की नाही? आहे, आणि माझ्या म्हणण्याचा गाभाही इथेच आहे. एएस/४००वर फाइल तयार होताना तिच्या नोंदीच्या रचनेवरून तेरा अक्षरांची एक खूण काढली जाते. फील्डांची नावे, त्यांचा क्रम, लांबी, प्रकार, दशांशस्थळे यांवर ती अवलंबून असते. प्रोग्रॅम तयार होतो तेव्हा ती खूण त्याच्यातही नोंदली जाते. पुढे प्रोग्रॅमने फाइल उघडताना दोन्ही खुणा जुळल्या नाहीत तर यंत्र त्याला दारातच अडवते. याला 'लेव्हल चेक' म्हणतात. (ही तपासणी बंद करण्याची सोयही आहे आणि घाईत असलेले लोक ती वापरतात, असो.) व्यवस्था चोख आहे. पण ती खूण कशावर अवलंबून नाही ते पाहा. टेक्स्टच्या त्या पन्नास अक्षरांवर ती अवलंबून नाही. 'येणे बाकी' असे वर्णन खोडून तिथे कोणी 'देणे बाकी' लिहिले तरी खूण तीच राहते, सगळे प्रोग्रॅम सुरळीत चालतात, कोणीही कोणाला अडवत नाही. यंत्राला आकार कळतो. अर्थ कळत नाही. आकाराची हमी यंत्र देते, अर्थाची हमी माणसानेच द्यायची असते.

आणि जिथे यंत्र अडवत नाही तिथे माणूस आळस करतो. टेक्स्ट लिहिलाच नाही तर यंत्र रकान्याचा मथळा उचलून त्याचेच वर्णन करते. मथळाही दिला नाही तर फील्डचे नाव हाच मथळा होतो. म्हणजे आळसाच्या शेवटच्या पायरीवर अर्थ म्हणून उरते ते फक्त नाव. कोशशास्त्रात ज्याला आपण चक्रक दोष म्हणतो, तो इथे यंत्राच्या सौजन्याने आपोआप सिद्ध होतो. हाताने लिहिलेली वर्णनेही पुष्कळदा याच जातीची असतात. समजा 'सी-एम-सी-आर-एल-एम' असे एक फील्ड आहे आणि त्याचे वर्णन 'कस्टमर क्रेडिट लिमिट', ग्राहकाची पतमर्यादा. हे वर्णन झाले की नावाचा नुसता विस्तार? लघुरूप सोडवणे म्हणजे व्याख्या करणे नव्हे.

त्या फील्डविषयी खरे प्रश्न वेगळेच आहेत. मर्यादा कोणत्या चलनात? ती फक्त बिल झालेल्या बाकीला लागू की मागणी नोंदवली पण माल गेला नाही अशा रकमेलाही? आणि सर्वांत महत्त्वाचे: तिथे शून्य असेल तर त्याचा अर्थ काय? उधारी अजिबात द्यायची नाही, की उधारीला मर्यादाच नाही, की मर्यादा अजून कोणी ठरवलेली नाही? जुन्या प्रणालींत 'माहीत नाही' हे वेगळे साठवण्याची सोय क्वचितच वापरली गेली; अंकांच्या रकान्यात काही तरी असलेच पाहिजे म्हणून शून्य बसले. एका शून्याला तीन अर्थ, आणि तिन्ही परस्परविरोधी. ज्या कारकुनाला यातला खरा अर्थ ठाऊक होता तो निवृत्त झाला की पुढच्या माणसाने केलेल्या अंदाजावर एखाद्या लहान दुकानदाराचा ऐन सणातला माल अडतो, किंवा बुडीत माणसाला अमर्याद उधारी मिळते. त्या दुकानदाराला हे कधीच कळत नाही की आपण एका न लिहिलेल्या वाक्यामुळे अडलो. त्याला एवढेच सांगितले जाते, 'सिस्टिम घेत नाही'. 'उधारीची कमाल मर्यादा, रुपयांत. ० म्हणजे उधारी बंद' एवढे कोणी लिहून ठेवले असते तर? हे वाक्य त्या पन्नास अक्षरांत सहज बसते. जागा अपुरी होती, ही सबब खरी नाही.

इथवर मी व्याख्या लिहिण्याचा आग्रह धरला. पण व्याख्या लिहून प्रश्न सुटतो असे मानणे भाबडेपणाचे होईल, आणि भाषेच्या माणसाने तरी ते मानू नये. वापर व्याख्येला जुमानत नाही. जे. डी. एडवर्ड्सच्या अनेक फाइलींत काही फील्ड 'वापरणाऱ्यासाठी राखीव' म्हणून मोकळी सोडलेली आहेत: एक संकेतासाठी, एक तारखेसाठी, एक रकमेसाठी, एक क्रमांकासाठी, एक संदर्भासाठी. कोशात त्यांचा अर्थ मुद्दामच रिकामा आहे. प्रत्येक कंपनी त्यांत आपल्या गरजेचे काही तरी भरते, आणि अशा जागी एका विभागाने एक व दुसऱ्याने दुसरेच भरावे याला कोणाचीच आडकाठी नसते. कोश म्हणतो 'राखीव'. व्यवहारात मात्र तिथे अर्थाची गर्दी झालेली असते.

आपल्याकडच्या एका थोर कोशाची गोष्ट इथे उपयोगी पडावी. राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झाला आणि रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी तो जोडलेला आहे. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो आज्ञार्थी कोश होता: लोक काय बोलतात याची नोंद नव्हे, कारभाऱ्यांनी काय लिहावे याचा नियम. डेटा डिक्शनरीही जन्माने अशीच आज्ञार्थी असते. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. कारकून, वसूल, अर्ज, हुकूम हे शब्द मराठीत घट्ट राहिले; 'पंतप्रधान' हे नाव ठरले तरी पुढचे शतकभर मराठी मुलुखाने त्या पदाला 'पेशवा'च म्हटले. यावरून तो कोश निरुपयोगी ठरला असे मला मुळीच म्हणायचे नाही. राज्याला आपला कारभार आपल्या शब्दांत बांधायचा होता, ही त्यामागची आकांक्षा मोठी आहे. पण नियम घालणाऱ्या कोशाच्या शेजारी वापर नोंदवणारा कोशही लागतो, एवढे त्यातून शिकावे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे बळ त्याच्या अवतरणांत आहे: शब्द कुठे, कोणी, कोणत्या अर्थाने वापरला याचा दाखला. डेटा डिक्शनरीत नेमका हाच भाग नसतो. 'या रकान्यात ए, आय, एच ही अक्षरे यावीत' असे नियमात असते. प्रत्यक्षात तिथे 'झेड'ही सापडतो, तो कधीपासून, कोणत्या कामासाठी वापरात आला, याचा दाखला कुठेच नसतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि त्यांची दखल घेतली पाहिजे. पहिला अनुभवी प्रोग्रॅमरचा: खरा अर्थ प्रोग्रॅममध्येच असतो, वर्णने खोटी पडतात, प्रोग्रॅम खोटे बोलत नाही. यात तथ्य आहे. शिळे झालेले वर्णन हे नसलेल्या वर्णनाहून घातक. पण प्रोग्रॅम सांगतो ते काय केले जाते. काय करायचे होते ते तो सांगत नाही. शून्य आल्यास माल सोडावा असे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले आढळले, तर ते धोरण होते की लिहिणाऱ्याची नजरचूक, हे त्या ओळीकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळणार नाही. संहिता आणि अभिप्राय यांचे नाते आपण वर्गात तासन्‌तास चर्चितो. लेखकाच्या हेतूशिवाय कवितेचे भागेल, कदाचित भागलेच पाहिजे. पण पतमर्यादेचे भागत नाही.

दुसरा आक्षेप नव्या साधनांचा आहे. आता या यंत्रावरच एसक्यूएलमधून रकान्याला दोन हजार अक्षरांपर्यंतची टीप जोडता येते, सगळ्या व्याख्यांची यादी क्षणात काढता येते, आणि अलीकडे तर जुना प्रोग्रॅम वाचून त्याचे स्पष्टीकरण लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. ही साधने वापरावीत; त्यांनी कष्ट वाचतात. पण याद्या काढणे म्हणजे कोश करणे नव्हे. रिकामी वर्णने कितीही वेगाने गोळा केली तरी ती रिकामीच राहतात. आणि जो अर्थ एका निवृत्त माणसाच्या डोक्यात होता, कधी कागदावर उतरलाच नाही, तो कोणते साधन वाचून काढणार? त्याच्या नावाखाली ते एक डौलदार वाक्य मात्र लिहून देईल, आणि डौलदार वाक्य खरे मानण्याची सवय आपल्याला आहेच. पन्नास अक्षरांवरून दोन हजारांवर आल्याने फरक एवढाच पडला की पूर्वी थोडक्यात न सांगितलेला अर्थ आता विस्ताराने न सांगण्याची सोय झाली.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक संस्थेच्या डेटा डिक्शनरीला एक संपादक असावा. समिती नव्हे, जबाबदार असलेला एक माणूस. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असल्याच पाहिजेत: हा रकाना कशाविषयी आहे, त्यात कोणत्या किमती येतात आणि कोणत्या एककात, तो शून्य किंवा रिकामा असण्याचा अर्थ काय, आणि तो कोण भरतो. अर्थ बदलला तर जुने वर्णन पुसू नये. कोणत्या तारखेपासून कोणता अर्थ, हे लिहून ठेवावे. आणि जुन्या रकान्यात नवा अर्थ गुपचूप घालू नये. भाषेत शब्दाला नवा अर्थ चिकटतो तेव्हा संदर्भ आपल्याला वाचवतो. एकट्या रकान्याला संदर्भ नसतो. यांतले एकही काम यंत्राचे नाही. नेमके वाक्य लिहिणे, चक्रक दोष ओळखणे, अव्याप्ती आणि अतिव्याप्ती टाळणे, वापराचे दाखले जमवणे, ही कामे आपल्या विद्याशाखेची आहेत. तर्कशास्त्राने आणि कोशकारांनी ती शतकानुशतके केली आहेत.

म्हणून शेवटचा रोख आपल्याच विभागांकडे. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलांना पुढे काय, हा प्रश्न आपण दरवर्षी चर्चासत्रात विचारतो आणि भाषांतर, पत्रकारिता, जाहिरात ही ठरलेली उत्तरे देऊन चहाला उठतो. कोशवाङ्मयाचा इतिहास आपण शिकवतो. कोणत्या कोशाचा कर्ता कोण, खंड किती, एवढे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण एका साध्या वस्तूची निर्दोष व्याख्या पन्नास अक्षरांत लिही, असा प्रश्न आपण कधी विचारला आहे का? विचारून पाहावा. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण नावाचाच विस्तार करतील, दुसऱ्यात विशेषणे घालतील, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला कुठे त्यांच्या लक्षात येईल की व्याख्या म्हणजे वाचणाऱ्याची संभाव्य गैरसमजूत आधी ओळखून तिचे दार बंद करणे. हे ज्याला जमले त्याला कविताही अधिक काळजीपूर्वक वाचता येईल आणि पतमर्यादाही. दुसऱ्या कामात एखाद्या अनोळखी दुकानदाराचा माल वेळेवर सुटेल. भाषेच्या शिक्षणाचा हा उपयोग मला लहान वाटत नाही.